इतर

टॅब्लेट मिळाला त्या दिवशी तीन ठिकाणी सही घेतली,
फुटला तर पगारातून, म्हणाले.
मी त्याला आईच्या जुन्या महेश्वरीची पिशवी शिवली
आणि देपालपूरच्या पुढे अकरा किलोमीटर,
लसणाच्या वासात,
मांडीवर घेऊन बसले, तान्ह्यासारखा.

नाव? धापू.
मालव्यात मुलीवर मुलगी झाली की ठेवतात हे नाव.
धापलो. पोट भरलं. आता पुरे.
फॉर्म हिंदीत विचारतो, साँस फूलती है?
मी मनातल्या मनात मराठी करते, आमच्या इंदुरी घरातली:
धाप लागते का?
धापूला धाप लागते.
मी एकटीच हसले.
मग हसू आलं याची लाज वाटली.

वय? ते आईला ठाऊक होतं, आई गेली.
रकाना रिकामा ठेवून यंत्र पुढे जाऊ देत नाही.
पस्तीस लिहिलं.
लाल रेघ हिरवी झाली.

छातीत दुखतं? नाही.
चक्कर? नाही.
मग होतं तरी काय गं?
"म्हारा काळजा में चिड़ी बेठी हे," ती म्हणाली.
हंडा उचलला की फडफडते,
पण उडत नाही.

मी यादी सरकवत गेले.
खोकला, ताप, जुलाब, विंचूदंश.
चिमणी नव्हती.
सगळ्यात खाली 'इतर',
चाळीस अक्षरांची जागा.

डॉक्टर इंदूरला. नेटवर्क असेल तर पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा,
अडलं की तोंड उघडं राहतं तसंच,
जणू त्यांचाच घसा कुणी तपासतंय.
म्हणून आवाज नोंदवून ठेवायचा,
आणि मग मी एकटीने जायचं पाण्याच्या टाकीवर,
नवव्या पायरीपर्यंत.
आठवीवरून काही जात नाही.

तेजू तिची मुलगी, सहावीत.
तिच्या शाळेतही असाच एक आला होता.
तो कपाटात आहे, किल्ली हेडसरांकडे,
हेडसर इंदूरला.
म्हणून आईचं तपासून झालं की
ती अर्धा तास माझ्यावर अपूर्णांक सोडवते,
आणि चुकलं की माझ्याकडे बघते,
माझंच काही चुकल्यासारखं.

त्या दिवशी तिने विचारलं, मी ऐकू?
कानात घातलं. डोळे मिटले.
धापू पदराचं टोक चावत उभी,
आपल्या पोटच्या पोरीने आपल्या आत कान लावलाय
म्हणून अवघडलेली.
खूप वेळाने तेजू म्हणाली,
चिड़ी नाही ही, बाई.
थ्रेशरचा पट्टा सैल झाला की असंच वाजतं.
धक. मग घर्र. मग धक.

मी तसंच लिहिलं, 'इतर'मध्ये:
थ्रेशर, पट्टा सैल. धक-घर्र-धक
आणि चढले टाकीवर.

दोन दिवसांनी फोन आला. साधा फोन.
हे कुणी लिहिलंय?
वाटलं, आता मेमो.
म्हटलं, एक मुलगी आहे, सर. सहावीतली.
तिकडे नेटवर्क गेल्यासारखी शांतता.
मी आवाज ऐकला, ते म्हणाले, पण आधी तिचं वाचलं.
यादीत शंभर आवाज असतात रोज.
गुरुवारी आणा. उशीर नको.

मांडीतून तार घालून झडप उघडली म्हणे.
मला नीट सांगता येत नाही,
तेजू सांगते, हाताचा फुगा करून,
ज्याला त्याला, बसस्टँडवरसुद्धा.

काल पुन्हा भरला फॉर्म.
धाप? नाही.
हंडा उचलता येतो? हो.
बरं वाटतं? हो. सगळं हिरवं.
पिशवीत ठेवता ठेवता धापू म्हणाली,
रात्री फार शांत असतं हो, बाई.
सवय होती तिची.

मी टॅब्लेट परत काढला. इतर.
नवी आवृत्ती आलीय,
आता वीसच अक्षरं.
तेजू बोटांवर मोजू लागली.